समजून घ्या : परभणीच्या कडक उन्हातही जमिनीतली सूत्रकृमी मरत का नाही?

मे महिन्यात परभणीचा पारा अनेकदा ४४ अंशांपलीकडे जातो. काळ्या जमिनीला भेगा पडतात. एवढ्या उन्हात मातीत काही जिवंत उरत नसेल, असे वाटते. पण पावसाळ्यात वांगी-टोमॅटोची लागवड झाली की काही आठवड्यांत काही झाडे दुपारी माना टाकतात. उपटून पाहिले तर मुळांवर गाठी. हे काम सूत्रकृमीचे.

सूत्रकृमी हा दोऱ्यासारखा, नुसत्या डोळ्यांना सहसा न दिसणारा जीव. मातीच्या कणांभोवती असलेल्या पाण्याच्या पातळ थरात तो फिरतो. हा थर आटला की काही जाती अंगाचे वेटोळे करतात, शरीरातले बहुतेक पाणी सोडतात आणि ट्रेहॅलोज नावाची साखर साठवून पेशी सांभाळतात. ही सुप्तावस्था. ओल मिळाली की जीव पुन्हा हलू लागतो. अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांतली स्कॉटनेमा ही सूत्रकृमीही अशीच तग धरते. तिथे छळ थंडीचा, इथे उन्हाचा.

कपाशीवरची रेनिफॉर्म सूत्रकृमी यात तरबेज आहे. गाठी करणाऱ्या जातीची पिल्ले तेवढी काटक नाहीत, पण तिची अंडी चिकट आवरणात असतात. ते आवरण सुकताना आवळते आणि आतली ओल राखते.

मग उपाय काय?

माती हळूहळू सुकली तरच सुप्तावस्थेची तयारी पूर्ण होते. झटकन सुकली तर जीव मरतो. उन्हाळी खोल नांगरटीचा फायदा इथेच आहे : खालची ओलसर, गार माती एकदम उन्हात येते.

रोपवाटिकेच्या वाफ्यासाठी मात्र उलटे करायचे. आधी पाणी द्यायचे, मग पारदर्शक पॉलिथिन अंथरून कडा मातीत दाबायच्या आणि ४ ते ६ आठवडे तसेच ठेवायचे. कोरड्या वाफ्यावर अंथरले तर निम्मी मेहनत वाया. कारण सुप्त सूत्रकृमी जास्त उष्णता सोसते. ओलीने ती जागी होते, शिवाय ओल्या मातीतून उष्णता खोल जाते. काळा कागद नको, तो स्वतःच तापतो.

मेमध्ये पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न आहेच. म्हणून हा उपाय वाफ्यांपुरता. एकरभर कपाशीला तो परवडणार नाही. तिथे नांगरट आणि पीक फेरपालट.

तपासणीसाठी माती-मुळांचा नमुना नेताना तो ओलसर ठेवा, पिशवी बंद करा आणि दुचाकीच्या डिकीत तापू देऊ नका.