टेक आणि आपली अक्षरं – भाग १४ : सूचीत ‘दऱ्या’ दोनदा का आली?

पृष्ठांक देवनागरीत छापण्याचं प्रकरण या आठवड्यात घ्यायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. मधेच एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न असा आहे की मराठी सूचीची आज्ञावली लिहिणाऱ्याला तो आज ना उद्या गाठणारच. पृष्ठांक आठवडाभर थांबले तरी चालतील.

त्या घाटवाटांवरचं पुस्तक जुळवताहेत. निम्मी प्रकरणं त्यांनी टंकली आहेत, निम्मी सहलेखकानं. भाग १३ मधली \सूची ही आज्ञा त्यांनी जशीच्या तशी वापरली. सूची छापून आली आणि तिच्यात एकाखाली एक दोन ओळी निघाल्या: ‘दऱ्या १२, ४०’ आणि ‘दऱ्या ७१’. त्याही ‘दर्शनी दरवाजा’च्या खाली! भिंग लावून पाहिलं तरी दोन्ही शब्दांत फरक नाही, असं त्या लिहितात. कागदावर तो दिसणारच नाही, कारण फरक संगणकाच्या पोटात आहे.

मराठीतला हा चंद्रकोरी र दोन रीतींनी टंकता येतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ ची स्वतंत्र कळ आहे. ती दाबायची, मग हलन्त, मग य. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलन्त, त्यामागे डोळ्यांना न दिसणारं ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे जोडचिन्ह आणि मग य. यूनिकोडमध्ये र चा क्रमांक ०९३० आणि ऱ चा ०९३१. छापताना टंक दोन्हींचं रूप एकच काढतो, पण फायलीत मात्र ती दोन निराळी अक्षरं असतात. तिसरं रूपही क्वचित भेटतं: र आणि त्याखाली नुक्ता. यूनिकोडच्या प्रमाणीकरणानं तिसऱ्याचं पहिल्यात, म्हणजे ऱ मध्ये रूपांतर होतं. अदृश्य जोडचिन्हाच्या रूपाला मात्र ते प्रमाणीकरण हात लावत नाही. तेव्हा ‘फाईल नॉर्मलाइझ केली’ एवढ्यानं या भगिनींची अडचण सुटणार नाही.

आता सूचीच्या नोंदी क्रमानं लावणाऱ्या मेकइंडेक्सची बाजू पाहू. पेहाँग चेन यांनी १९८० च्या दशकात बर्कलीला हा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा यूनिकोड जन्मालाही आलं नव्हतं. त्याला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात. दोन नोंदी एक समजायच्या तर त्यांचे बाइट हुबेहूब जुळावे लागतात. आणि @ या चिन्हाच्या डावीकडे क्रमकळ (जिच्यावरून क्रम लागतो ती), उजवीकडे छापायचं रूप अशी नोंद असेल, तर दोन्ही बाजू जुळाव्या लागतात. क्रमकळ एक केली आणि छापायचं रूप तसंच ठेवलं, तर दोन ओळी शेजारी-शेजारी येतात, पण एक होत नाहीत. पुष्कळ जण इथे अर्ध्यावर थांबतात. म्हणून \सूची मध्ये पहिलं काम शुद्धीचं: हाती आलेल्या शब्दातले चंद्रकोरी र चे सगळे प्रकार ऱ मध्ये बदलायचे आणि मगच त्या शब्दातून क्रमकळ आणि छापील रूप, दोन्ही काढायची.

ही शुद्धी करताना मोह होतो की ते अदृश्य चिन्हच सरसकट पुसून टाकावं. कृपा करून तसं करू नका. ते पुसलं की र ला साधा रफार होतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्या समुद्रात बुडाल्या! र, हलन्त आणि जोडचिन्ह हे तिघं लागोपाठ आले तरच बदल करायचा. टेकमध्ये असा नियम लिहिताना आणखी एक पथ्य आहे: नियमातल्या चिन्हाचा आणि मजकुरातल्या चिन्हाचा वर्ग, म्हणजे कॅटकोड, एकच असायला हवा. तो वेगळा असेल तर टेकला जुळणी सापडत नाही आणि ते तुम्हाला काही न सांगता पुढे निघून जातं.

शुद्धी झाली की क्रमकळ. लेखकानं प्रत्येक नोंदीत ती हातानं लिहावी, हे मला कधीच पटलेलं नाही. तीनशे पानांच्या पुस्तकात एक शब्द पंधरा ठिकाणी येतो. पंधराही ठिकाणी माणूस तीच कळ लिहील ही अपेक्षाच गैर. कळ आज्ञेनं काढावी. एक कोष्टक ठेवायचं, प्रत्येक वर्णाला आणि मात्रेला एक खूण द्यायची आणि शब्द अक्षर-अक्षर चालत जाऊन त्या खुणांची माळ करायची.

खुणा म्हणून आकडे घ्यावेत असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. क ला ३१, ख ला ३२ असं. पण निव्वळ आकड्यांची कळ दिसली की मेकइंडेक्स तिला संख्या समजतो आणि संख्येच्या किमतीनं लावतो. मग लांब शब्दांची संख्या मोठी, म्हणून ‘अरण्य’ खाली आणि ‘हर’ वर! त्यासाठी रोमन लिपीतली दोन-दोन छोटी अक्षरं घ्यावीत. २६ गुणिले २६ म्हणजे ६७६ खुणा होतात. मराठीला त्या भरपूर पुरतात. छोटी आणि मोठी अक्षरं मिसळू नयेत, कारण क्रम लावताना मेकइंडेक्स त्यांच्यात आधी भेद करत नाही.

कोष्टक हाती आलं की यूनिकोडच्या क्रमाची गुलामी संपते. त्या क्रमात ळ हा ०९३३ वर, ल आणि व यांच्या मध्ये बसला आहे. आपण शाळेत तो ह नंतर शिकलो, तेव्हा कोष्टकात त्याला ह नंतर बसवायचा. ॲ ची गत त्याहून वाईट: तो यूनिकोडमध्ये २००८ साली आला आणि ०९७२ वर, ह च्याही पलीकडे पडला. कोष्टक नसेल तर ‘ॲनिमोमीटर’ सूचीच्या अगदी तळाशी जातो. आणि तोच शब्द कुणी अ वर चंद्र देऊन टंकला असेल तर तो वर अ मध्ये राहतो. म्हणजे पुन्हा दऱ्यांचीच कहाणी आणि उपायही तोच, आधी शुद्धी.

क्ष आणि ज्ञ यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे. शब्दाच्या सुरुवातीला असतील तर ते ळ नंतर, वर्णमालेच्या शेवटी यावेत. शब्दाच्या पोटात असतील तर क् आणि ष, ज् आणि ञ असेच मोजावेत. ‘क्षितिज’ वाचक शेवटी शोधतो, पण ‘पक्षी’ तो ‘पक्व’च्या आसपास शोधतो, ‘पळस’च्या पुढे नाही.

ऱ ला कोष्टकात वेगळी जागा द्यायची का? देऊ नये. दिली तर ‘दऱ्या’ पुन्हा ‘दर्शनी दरवाजा’च्या खाली जाईल. र आणि ऱ यांना एकच खूण द्यावी. मग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांची कळ एकच होते, पण छापील रूपं निराळी असल्यामुळे त्या दोन नोंदी म्हणूनच राहतात, एकमेकींच्या शेजारी. ‘आचार्य’ आणि ‘आचारी’ यांची सामान्यरूपं सूचीत येणार असतील तर तिथेही हेच होईल.

या सगळ्यावर नजर ठेवायची युक्ती टेकचे कर्ते खुद्द डोनाल्ड क्नूथ यांच्याकडून घ्यावी. ‘द टेकबुक’साठी त्यांनी जी आज्ञावली लिहिली तिच्यात ^ हे चिन्हच सूचीच्या कामाला लावलं होतं. एकदा लिहिलं की शब्द मजकुरातही छापला जाई आणि सूचीतही जाई. दोनदा लिहिलं की फक्त सूचीत. आणि मुद्रितं काढताना त्या पानावरच्या सूचीनोंदी समासात छापून येत. लाटेकमध्ये शोआयडीएक्स हे पॅकेज असंच काम करतं. मला क्नूथ यांची ही कल्पना त्यांच्या बड्या बड्या शोधांइतकीच आवडते, कारण सूची हा पुस्तकाचा भाग आहे आणि ती पुस्तकासोबतच तपासली जावी, हे तिच्यात गृहीत आहे. मराठीसाठी तिच्यात एकच भर घाला: समासात शब्दासोबत त्याची क्रमकळही छापा. शब्द सारखे दिसतील, पण शुद्धीतून काही निसटलं असेल तर कळ ते लगेच दाखवून देईल.

पत्र पाठवणाऱ्या भगिनींना सुधारित \सूची मी पाठवली आहे. बाकीच्यांनी आपापल्या सूचीत दोनदा आलेले किंवा भलत्याच जागी पडलेले शब्द मला जरूर कळवावेत. सोबत कोणत्या कळफलकावर टंकलं तेही लिहावं, कारण शुद्धीचे नवे नियम त्यातूनच सापडतात. पृष्ठांकांसाठी पुढच्या आठवड्यापर्यंत एवढं पक्कं ध्यानात ठेवा: पानाचा आकडा देवनागरीत लिहून दिला तर मेकइंडेक्स ती नोंदच नाकारतो.