पहारा उतरवायचा कुणी?

आपल्या घरात एखादे निवृत्त सैनिक आजोबा असतील, तर त्यांच्या काही सवयी आपल्या परिचयाच्या असतील. दिवाळीत फटाका वाजला की ते दचकतात आणि मग स्वतःवरच चिडतात. रात्री झोपण्यापूर्वी दाराची कडी दोनदा तपासतात. पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. ‘पलटण सोडून तीस वर्षे झाली, आता कसली धास्ती?’ असे घरचे विचारतात.

या धास्तीचे मूळ शरीराच्या रचनेत आहे. संकट दिसताच अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, हृदय जलद चालते, झोप उडते. संकट टळल्यावर ही धावपळ शांत व्हावी, अशी निसर्गाची योजना आहे. मात्र ‘आता संपले’ हे मनाला पटावे लागते. ज्याने महिनोन्‌महिने सावध राहून काढले आणि ज्याला शेवट कधी दिसलाच नाही, त्याच्या मनातला पहारा पुढेही चालू राहू शकतो.

आपल्याच सैन्याची दोन उदाहरणे पाहा. १९७१ चे युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. आपण कशासाठी लढलो आणि काय साधले, हे त्या जवानाला सांगता येत होते. याउलट १९८७ च्या करारानंतर शांतिसेना श्रीलंकेत गेली ती शांतता राखण्यासाठी. काही महिन्यांतच तिला वस्तीत मिसळलेल्या प्रतिपक्षाशी लढावे लागले. अकराशेहून अधिक जवानांनी प्राण वेचले. पराक्रमात उणे काहीच नव्हते. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तेथील लढाईसाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पण मार्च १९९० मध्ये अखेरचे जवान परतले, तेव्हा काम पुरे झाल्याचे समाधान नव्हते. मद्रासला त्यांच्या स्वागतालाही राज्याचे मुख्यमंत्री आले नाहीत.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेचा सैनिक बहुधा एकटा, बारा महिन्यांच्या मुदतीने जाई. मुदत भरताच विमानाने एक-दोन दिवसांत घरी येई. युद्ध मात्र मागे चालूच असे. या सैनिकांच्या यातनांमुळेच मुख्यत्वे आघातोत्तर ताणविकाराला १९८० मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार वर्गीकरणात स्थान मिळाले.

अर्थात, विजयी सैनिकालाही हा विकार होतो. समाधान हे त्यावरचे औषध नव्हे. तरीही ‘माझे काम मी केले आणि ते संपले’ ही भावना जखम भरून येण्यास मोठा आधार देते. रणांगणावर हा शेवट मिळाला नसेल, तर काही अंशी तो घरी देता येतो.

‘किती शत्रू मारले?’ असे कधीही विचारू नका. ‘आपल्याकडे कोणते काम होते?’ असे विचारा. ते सांगू लागले तर मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐका. नको म्हणाले तर आग्रह धरू नका. पेटीतली पदके नातवंडांना दाखवू द्या. जुन्या साथीदारांच्या मेळाव्याला जाण्यासाठी सोबत करा. झोपलेल्याला हलवून उठवू नका. थोडे दूर राहून नावाने हाक मारा.

निवृत्तीनंतर, पत्नीच्या निधनानंतर किंवा स्मृतिभ्रंशात दबलेल्या आठवणी वर येऊ शकतात. दुःस्वप्ने, अनावर संताप, वाढते मद्यपान किंवा मरणाची भाषा दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांना भेटा. माजी सैनिकांसाठी ईसीएचएसचे दवाखाने आहेत. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

स्मृतिभ्रंश झालेले आजोबा मध्यरात्री उठून ‘माझी ड्यूटी आहे’ म्हणाले, तर वाद घालू नका. दिवा लावा, हात हाती घ्या आणि शांतपणे सांगा, ‘पहारा बदलला आहे. आपली पाळी नीट पार पडली. आता विश्रांती घ्या.’