पहिल्यांदा धावणाऱ्याच्या वाटेवर

हुबळी आणि धारवाड ही दोन शहरे १९६२ साली एकाच महानगरपालिकेखाली आली. त्यांना जोडणारा रस्ता साधारण वीस किलोमीटरचा. उणकल तलाव, भैरिदेवरकोप्प, नवनगर, रायापूर, सत्तूर ही त्यावरची ठिकाणे शिक्षण आणि वैद्यकीय उपचारांसाठी तिकडे जाणाऱ्या गोमंतकीयांनाही परिचित आहेत. हुबळीहून पायी निघून धारवाड गाठावे आणि त्याच पावली परत फिरावे, तरी मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरला सुमारे दोन किलोमीटर कमीच पडतात. ‘चिगरी’ बसमध्ये बसून एवढी फेरी करणाराही कंटाळतो.

या मार्गावर कोणी आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावत आहे, अशी कल्पना केली तर परतीच्या वाटेवर नवनगर लागते तेव्हा त्याचे तीस किलोमीटर संपलेले असतात. पहाटे पाचला निघालेल्या नवख्या धावपटूला येथवर यायला सव्वानऊ-साडेनऊ होतात. कसलेले स्पर्धक तोवर घरी पोहोचलेले असतात, ऊन चढलेले असते आणि शरीराने स्नायू व यकृतात साठवलेली साखर संपत आलेली असते. पाय जड होतात, मन हिशेब विसरते आणि एवढा उपद्व्याप कशासाठी केला, हा प्रश्न पडतो. धावपटू या अवस्थेला भिंत म्हणतात. शर्यतीतल्या स्वयंसेवकाची खरी गरज प्रारंभरेषेवरच्या गर्दीत नसते, ती अशा नवनगरांत असते.

आपल्याकडे अशा सेवेची कल्पना नवी नाही. पंढरीच्या वाटेवरची गावे वारकऱ्यांना पाणी देतात, न्याहारी देतात, त्यांचे पाय चेपतात. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून पेडर रोडच्या चढावर घराबाहेर येऊन संत्र्याच्या फोडी, केळी, मीठ, बिस्किटे पुढे करणारे रहिवासी हे त्याच वृत्तीचे शहरी रूप म्हणावे लागेल. फरक इतकाच, की वारकरी हवे तेव्हा थांबू शकतो. धावपटूला थांबणे परवडत नाही आणि त्यामुळे त्याला द्यायच्या मदतीचे शास्त्र थोडे वेगळे आहे.

सर्वांत साधे दिसणारे काम पाण्याच्या टेबलावरचे. पेला अर्धाच भरायचा, कारण धावणाऱ्याच्या हातात भरलेला पेला सांडतो. तो तळहातावर किंवा कडेला हलक्या बोटांनी धरायचा, म्हणजे धावपटूला तो सहज उचलता येतो. पहिल्या टेबलावर नेहमी झुंबड उडते, म्हणून शेवटच्या टेबलावरच्या स्वयंसेवकाने हात उंचावून ‘इकडे या’ असे ओरडत राहायचे. केळ्याच्या साली आणि ओले पेले रस्त्यावरून सतत बाजूला करायचे. चाळीस किलोमीटरला घसरून पडलेला माणूस सहसा पुन्हा उठून धावत नाही.

पाण्याबाबतचा एक गैरसमज मात्र जिवावर बेतू शकतो. जितके जास्त पाणी तितके चांगले, असे मानून काही उत्साही स्वयंसेवक दमलेल्या धावपटूला पेल्यामागून पेला पाजतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत पूर्ण केलेल्या ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली. त्यांतील १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण सामान्य पातळीपेक्षा खाली गेलेले आढळले. शर्यतीत वजन वाढलेल्या, म्हणजे गरजेपेक्षा अधिक द्रव प्यालेल्या धावपटूंना हा धोका जास्त होता आणि चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांनाही तो जास्त होता. हा हळू धावणारा गट म्हणजे बहुतांशी नवखेच. डोके दुखणे, मळमळणे, बोटे सुजणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे बाहेरून थकव्यासारखीच दिसतात. त्यामुळे पाणी पुढे करावे, आग्रह करू नये. तहान लागली तर धावपटू घेईलच. लग्नाच्या पंगतीतला आग्रह पंगतीतच शोभतो.

मदत किती करावी, हा प्रश्न मॅरेथॉनच्या इतिहासाइतकाच जुना आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये वाटेत पाण्याची सोय जवळजवळ नव्हती. धुळीत आणि उन्हात धावलेल्या ३२ जणांपैकी १४ जणच अखेरपर्यंत पोहोचले आणि विजेत्या थॉमस हिक्सला त्याचे मदतनीस वाटेत स्ट्रिकनीन व ब्रँडी पाजत होते. चार वर्षांनी लंडनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांच्या पुढे मैदानात शिरला, पण चुकीच्या दिशेने वळला आणि पुन्हापुन्हा कोसळला. पंचांना राहवले नाही. त्यांनी त्याला उठवले, अंतिम रेषेपार नेले आणि त्यामुळेच तो बाद ठरला. याउलट १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये महिलांच्या पहिल्याच ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये स्वित्झर्लंडची गाब्रिएला अँडरसन-शीस लडखडत मैदानात आली, तेव्हा वैद्यकीय पथक तिच्या बाजूने चालत राहिले. तिला घाम येत असल्याचे पाहून त्यांनी हात लावला नाही आणि तिने ३७ वा क्रमांक मिळवत शर्यत पुरी केली. हात पुढे न करण्यालाही नजर लागते.

हौशी धावपटूच्या बाबतीत पदकाचा प्रश्न नसल्याने हा निर्णय सोपा असावा. घाम येणारा, स्वतःचे नाव व धावक्रमांक नीट सांगणारा माणूस दमलेला असतो. त्याला सावली, मीठ आणि दोन शब्द पुरतात. असंबद्ध बोलणारा, झोकांड्या खाणारा, अंग तापलेला माणूस उष्माघाताच्या दारात असू शकतो. त्याला आधी बर्फाच्या पाण्याने थंड करायचे आणि मग रुग्णालयात हलवायचे, हा क्रम वैद्यकीय पथकांना शिकवला जातो. रुग्णवाहिकेची वाट पाहत त्याला उन्हात ठेवणे घातक. कोसळून श्वास थांबलेल्याच्या छातीवर दाब देणे तर क्षणाचाही विलंब न लावता सुरू व्हायला हवे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉनच्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंच्या अभ्यासात हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना नोंदल्या गेल्या. त्यांत ४२ जण दगावले. जे वाचले त्यांच्यामागे जवळच्या माणसाने ताबडतोब दिलेला छातीदाब हे मोठे कारण होते. घटना विरळ असतात, पण डॉक्टर दोन किलोमीटरवर असतो आणि स्वयंसेवक दोन पावलांवर.

शब्दांचेही तसेच. ‘आता थोडंच राहिलं’ किंवा हुबळीकडचे ‘इन्नू स्वल्प’ हे वाक्य बारा किलोमीटर बाकी असताना ऐकणाऱ्याला क्रूर वाटते. ‘पुढचं पाणी अडीच किलोमीटरवर, मग उतार’ ही माहिती अधिक आधार देते. छातीवरच्या पट्टीवरचे नाव वाचून हाक मारली तर आणखी चांगले.

या सीमाभागाला मॅरेथॉनचा वारसाही आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे ग्रामीण तरुण पाहून दोराबजी टाटांना भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याची कल्पना सुचली. १९२० साली अँटवर्पला गेलेल्या त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तेथील मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे नेहमीपेक्षा लांब होता. चौगुले २ तास ५० मिनिटांत १९ वे आले. परक्या हवामानात, परक्या रस्त्यावर तेही एका अर्थाने नवखेच होते.

आजच्या नवख्यांसाठी अनेक शर्यतींत गतिदर्शक असतात. ठरलेल्या वेळेचा झेंडा पाठीला बांधून ते स्वतःच्या क्षमतेपेक्षा बरेच हळू धावतात आणि मागच्या घोळक्याला सुरुवातीच्या उत्साहात वेग वाढवू देत नाहीत. सर्वांत मागे चालणाऱ्यांचे काम त्याहून अवघड असते. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या धावपटूंना पाण्याची टेबले उचललेली दिसली, सफाई कंत्राटदारांचे टोमणे ऐकावे लागले आणि आयोजकांना माफी मागावी लागली. त्यानंतर तेथे आठ तासांच्या गतीने सर्वांच्या मागून चालणारे पथक नेमण्यात आले. हे पथक पुढे सरकल्याशिवाय त्या टप्प्यावरचे पाणी आवरायचे नाही, असा नियम कोणत्याही लहान गावातल्या शर्यतीलाही करता येण्याजोगा आहे. त्यासाठी लागतात दोन धडधाकट माणसे, एक शिट्टी, पाण्याचे चार कॅन आणि वाहतूक पोलिसांशी आदल्या दिवशी झालेले स्पष्ट बोलणे.