सीए नाही? तरी हिशेबाला काम आहे

कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण आणि आयकराचे टॅक्स ऑडिट, या दोन्हींवर सही फक्त सीएची चालते. त्यापलीकडे कराड परिसरातल्या बी.कॉम. पदवीधराला पुढील वाटा खुल्या आहेत.

■ जीडीसी अँड ए : राज्याच्या सहकार खात्याची पदविका परीक्षा. पदवी, ही पदविका, सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे ज्ञान असल्यास प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नामतालिकेत येता येते. पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था हे हक्काचे क्षेत्र.

■ जीएसटी प्रॅक्टिशनर : वाणिज्य पदवीधराला जीएसटी पोर्टलवर नोंदणी करता येते; ‘नासिन’ या केंद्राच्या अप्रत्यक्ष कर प्रशिक्षण संस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. व्यापाऱ्यांची विवरणपत्रे भरणे हे मुख्य काम.

■ साखर कारखाने : रेठरे बुद्रुकचा ‘कृष्णा’, यशवंतनगरचा ‘सह्याद्री’. ऊसबिले, तोडणी-वाहतुकीचे हिशेब, भांडार आणि पगारपत्रक ही हिशेबनिसाची नेहमीची कामे.

■ बँका : १९१७ साली स्थापन झालेल्या कराड अर्बनसारख्या सहकारी बँकांत लिपिक ते अधिकारी अशी पदे असतात.

■ सरकारी नोकरी : कोषागारात कनिष्ठ लेखापाल, जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहाय्यक (लेखा), एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा.

■ स्वतंत्र व्यवसाय : दुकानदार, अडते, छोटे कारखानदार यांची टॅलीवरची जमाखर्च नोंद, टीडीएस, पीएफ.

पदवीच्या शेवटच्या वर्षातच टॅली आणि जीएसटीचा सराव सुरू करा. जीडीसी अँड ए परीक्षेची अधिसूचना सहकार खात्याच्या संकेतस्थळावर पाहा.