जुन्या खुर्चीचा जीर्णोद्धार

आमच्या दवनीवाड्यास पूर्वीं पंगत पाटावरच बसत असे. जेवणाचें मेज व खुर्च्या मागाहून आल्या. आमच्या घरीं १९५० च्या सुमाराच्या अशा चार सागवानी खुर्च्या आहेत. त्यांपैकीं एक डुगडुगूं लागली, तेव्हां आम्हीं तिच्या सांध्यांत दोन खिळे ठोकले व काम झालें असें मानलें. पुढच्या पावसाळ्यांत तिचा पाय उभा चिरला. ती दुरुस्त करवितांना जें शिकावयास मिळालें, तें बालवाचकांस उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहों.

लांकूड कापल्यावरही हवेंतील ओल शोषीत व सोडीत असतें. पावसाळ्यांत तें रुंदींत फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. लांबींत मात्र फारसा फरक पडत नाहीं. हें ओळखूनच जुने कारागीर एका लांकडाचें टोक जिभेसारखें कोरून दुसऱ्याच्या खांचेंत बसवीत. या जिभेस कुसूं म्हणतात. असा सांधा लांकडाबरोबर थोडाफार हलतो. खिळा हलत नाहीं. म्हणून लांकूडच फाटतें.

तेव्हां पहिला नियम असा कीं, सैल झालेला सांधा ठोकूं नये, उघडावा. उघडण्यापूर्वीं प्रत्येक भागावर खडूनें खूण करावी. नाहीं तर डावा पाय उजवीकडे जातो. जुन्या खुर्च्यांत बहुधा जनावरांच्या कातड्याचा किंवा हाडांचा सरस असतो. तो ऊन पाण्यानें मऊ पडतो. तो पुरता काढून टाकावा, कारण फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक जुन्या सरसावर नीट धरत नाहीं. कुसूं झिजलें असल्यास त्यास सागाची पातळ कपची चिकटवावी. मग सांधे बसवून दोरीचा पीळ द्यावा, चारही पाय सपाट फरशीवर टेकतात कीं नाहीं तें पाहावें, आणि एक अहोरात्र खुर्चीस हात लावूं नये.

आतां चकाकीविषयीं. जुन्या खुर्चीवर पुष्कळदां लाखेचें पॉलिश असतें. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक राहतो. त्याच्या शरीरांतून स्रवणारी राळ म्हणजे लाख. ती शुद्ध करून तिचे पातळ पापुद्रे केले म्हणजे चपडा होतो, व चपडा स्पिरिटांत विरघळविला म्हणजे पॉलिश होतें. धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या पळसाकडे आम्हीं या दृष्टीनें कधीं पाहिलेंच नव्हतें! खुर्चीच्या खालच्या अंगास स्पिरिटाचा बोळा फिरवून पाहावा. थर मऊ झाला तर ती लाख समजावी. अशा खुर्चीस कांचकागदानें सोलून काढूं नये. मळ पुसून पॉलिशचे पातळ थर द्यावे. काळानें चढलेला रंग एकदां घासला गेला कीं परत मिळत नाहीं.

कोणी विचारील, मोडक्या खुर्चीसाठीं एवढी खटपट कां? चंडीगढ शहर १९५१ पासून वसविण्यांत आलें, तेव्हां प्येर जानरे यांच्या देखरेखीखालीं तेथील कचेऱ्यांसाठीं व विद्यापीठासाठीं साग व वेत यांच्या हजारों खुर्च्या करविण्यांत आल्या. पुढें त्यांतील पुष्कळ मोडक्या म्हणून गच्चीवर टाकल्या गेल्या व भंगाराच्या भावानें विकल्या गेल्या. त्याच खुर्च्या दुरुस्त होऊन परदेशांतील लिलावांत लाखों रुपयांस जाऊं लागल्या, तेव्हां कोठें आपले डोळे उघडले. २०११ सालीं केंद्रीय गृहमंत्रालयानें त्यांच्या विक्रीस व निर्यातीस मनाई केली. दोष लांकडाचा नव्हता, पाहणाऱ्यांच्या नजरेचा होता.

आमच्या खुर्च्यांस कोणी लाख रुपये देणार नाहीं. परंतु साग चांगला जाड होण्यास साठ-ऐंशी वर्षें लागतात, आणि चुलींत खुर्ची जळण्यास एक घटकाही पुरे. चिरलेला पाय आतां सांधला आहे. खिळ्यांचीं दोन भोंकें मात्र आम्हीं मुद्दाम बुजविलीं नाहींत. जेवावयास बसतांना तीं दिसतात, आणि हातोडा उचलण्यापूर्वीं विचार करावा, एवढें शिकवितात.