कागद कुणी दिला, कुठे दिला, कधी दिला



विषय नाजूक आहे, पण आपल्या लोकांत डिव्होर्स होतच नाहीत असं धरून चालण्याचे दिवस कधीच गेले. त्याच्या भावनिक बाजूवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आज एका रुक्ष गोष्टीबद्दल लिहायचंय: कागद 'सर्व्ह' करणे, म्हणजे समन्सची बजावणी. वकील गाठायच्या आधीच्या आठवडाभरात लोक सगळ्यात जास्त घोळ इथेच घालतात. (खालचा मजकूर माहितीसाठी आहे, वकिलाला पर्याय म्हणून नाही.)

भारतात समन्स म्हटलं की कोर्टाचा बेलिफ डोळ्यासमोर येतो. इथे तसा एकच एक बेलिफ नाही, आणि एकच एक नियमही नाही. डिव्होर्सचा कायदा राज्याराज्याचा वेगळा, आणि बजावणीला नियम लागतात ते केस जिथे दाखल झाली त्या राज्याचे. म्हणजे नवरा डॅलसला, बायको एडिसनला आणि केस टेक्ससमध्ये, तर बायकोच्या हाती एडिसनमध्ये पडलेल्या कागदांना टेक्ससचे नियम. उलट केस न्यू जर्सीत असेल तर उत्तराला ३५ दिवस.

कॅलिफोर्निया त्यातल्या त्यात सैल. १८ वर्षांवरची, केसमध्ये पक्षकार नसलेली कुठलीही व्यक्ती कागद देऊ शकते. मित्र चालतो, शेजारी चालतो, स्वतः मात्र देता येत नाही. राज्यातल्या राज्यात पोस्टानेही पाठवता येतात, पण समोरच्याने पोचपावतीच्या फॉर्मवर सही करून तो परत पाठवला तरच. सही नाही तर बजावणीही नाही. समोरची व्यक्ती अमेरिकेतच पण दुसऱ्या राज्यात असेल तर सर्टिफाइड मेल चालतं, आणि पाठवल्यापासून दहाव्या दिवशी बजावणी झाली असं धरतात. अर्थात पत्र पोचल्याचा पुरावा लागतोच. उत्तराला ३० दिवस. शिवाय डिव्होर्स पक्का व्हायला जे किमान सहा महिने लागतात, ते बजावणीच्या तारखेपासून मोजतात, केस घातल्याच्या तारखेपासून नव्हे (समोरचा स्वतःहून कोर्टात आधी हजर झाला तर गोष्ट वेगळी).

टेक्ससमध्ये मित्राच्या हाती कागद पाठवलेत तर फुकट जातील. शेरीफ, कॉन्स्टेबल, सर्टिफाइड प्रोसेस सर्व्हर किंवा कोर्टाने नेमलेला माणूसच लागतो, आणि रविवारी बजावणी होत नाही. उत्तराची मुदत मोजायची पद्धत तर पंचांगासारखी: कागद मिळाल्यापासून २० दिवस भरल्यावर येणारा सोमवार, सकाळी १०. बुधवारी ३ तारखेला कागद मिळाले, तर २० दिवस मंगळवारी २३ ला भरतात आणि मुदत संपते सोमवारी २९ ला सकाळी दहाला. दुपारी वकिलाची अपॉइंटमेंट घेतली असेल तर उशीर झाला.

दोघांचं एकमत असेल तर टेक्ससमध्ये 'वेव्हर'वर सही करून बजावणी टाळता येते. ही सही केस दाखल झाल्यानंतर किमान एक दिवसाने आणि नोटरीसमोर व्हायला हवी. आधीच कोऱ्या विश्वासावर घेतलेली सही चालत नाही. इथे सावध राहा. काही वेव्हरमध्ये 'पुढच्या कुठल्याही सुनावणीची सूचना नको' असंही एक वाक्य असतं. नवऱ्याने किंवा बायकोने "फक्त फॉर्मॅलिटी आहे गं/रे" म्हणून पुढे केलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका.

न्यूयॉर्क सगळ्यात कडक. डिव्होर्सचे कागद समोरच्या व्यक्तीच्याच हातात द्यायचे. रूममेटकडे ठेवणं, दारावर चिकटवणं हे कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय चालत नाही. केस दाखल झाल्यापासून १२० दिवसांत द्यायचे आणि इथेही रविवार बाद. देणाऱ्याला हाच तो माणूस हे कशावरून ओळखलं तेही शपथपत्रात लिहावं लागतं, म्हणून सर्व्हरजवळ बहुधा फोटो दिलेला असतो. राज्यातच हातात मिळाले तर उत्तराला २० दिवस. पण याच न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली, नवऱ्याचा पत्ताच लागत नव्हता म्हणून मॅनहॅटनच्या कोर्टाने एका बाईला फेसबुकवरून समन्स पाठवायची परवानगी दिली. टेक्ससने २०२० च्या अखेरीस आपल्या नियमांतच कोर्टाच्या परवानगीने सोशल मीडियाची सोय केली.

"मी कागद घेतलेच नाहीत" हा आपल्याकडचा आवडता बचाव. बहुतेक राज्यांत सर्व्हरने ओळख पटवून कागद पायाशी ठेवले तरी बजावणी होते. मग उत्तर नाही म्हणून एकतर्फी निकाल, आणि त्यात घर, मुलं, पोटगी सगळं समोरच्याने मागितलं तसं जाऊ शकतं.

कुठे दिला यालाही महत्त्व आहे. बर्नहॅम नावाचा न्यू जर्सीचा एक गृहस्थ जानेवारी १९८८ मध्ये कामानिमित्त कॅलिफोर्नियाला गेला आणि तिथे आईजवळ राहणाऱ्या मुलांना भेटायला थांबला. मुलीला आईच्या घरी सोडताना त्याच्या हातात कॅलिफोर्नियाचे डिव्होर्सचे कागद पडले. तीन दिवसांसाठी आलेल्या माणसावर या कोर्टाचा अधिकार कसा, असा त्याचा सवाल होता. १९९० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमुखाने सांगितलं, राज्यात पाऊल असताना कागद हाती पडला, अधिकार आला. याची दुसरी बाजूही आहे. नेवाडातून एकतर्फी मिळवलेला डिव्होर्स लग्न मोडू शकतो, पण नेवाडात कधी बजावणीच न झालेल्या बायकोची न्यूयॉर्कच्या कोर्टाने ठरवलेली पोटगी पुसू शकत नाही, हे १९४८ सालीच ठरलं आहे.

आता आपला खास प्रश्न: समोरची व्यक्ती पुण्यात किंवा नागपुरात माहेरी गेलेली असेल तर? इथला सर्टिफाइड मेल किंवा कुरिअर तिथे चालत नाही. परदेशी बजावणीचा हेग करार भारताला १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे, आणि भारताने त्यातल्या पोस्टाच्या मार्गाला हरकत घेतलेली आहे. कागद दिल्लीला केंद्रीय कायदा मंत्रालयाकडे जायचे, तिथून जिल्हा कोर्टाकडे, आणि शेवटी आपला तो बेलिफ. काही महिने सहज जातात. समोरची व्यक्ती राजी असेल तर तिने वेव्हरवर सही करणं सोपं. नोटरीची सोय मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये आहे.

घाईने हे टाळणाऱ्यांनी १९९१ चा नरसिंह राव खटला जरूर वाचावा. नवऱ्याने ९० दिवसांच्या वास्तव्यावर मिसुरीतून डिव्होर्स मिळवला आणि दुसरं लग्न केलं. तिरुपतीला लग्न झालेली पहिली बायको भारतात कोर्टात गेली. भारताच्या सुप्रीम कोर्टाने तो हुकूमनामा मानला नाही आणि द्विभार्येचा खटला पुढे चालू द्यायला सांगितलं. नुसतं समन्स पोचलं एवढ्याने भागत नाही, समोरच्याला तिथे जाऊन खरोखर बाजू मांडता यायला हवी, आणि कारणही हिंदू विवाह कायद्यात बसणारं हवं, असं त्यात म्हटलंय. त्यातले दोन अपवाद: तिने स्वतःहून हजर राहून, त्या कायद्यात बसणाऱ्या कारणावर केस लढवली, किंवा डिव्होर्सला संमती दिली.

एच-४ वरच्या भगिनींसाठी: कागद हातात पडले म्हणजे स्टेटस गेलं असं नाही, ते अंतिम हुकूमनाम्याबरोबर जातं. "उद्याच भारतात जावं लागेल" असं कुणी घाबरवलं तर ऐकू नका. मात्र मुलांना घेऊन निघण्याआधी समन्सचा मागचा भाग वाचा. कॅलिफोर्नियात त्यावरच छापलेलं असतं की दुसऱ्याची लेखी संमती किंवा कोर्टाचा हुकूम नसताना मुलांना राज्याबाहेर नेता येणार नाही, आणि केस घालणाऱ्यालाही तेच बंधन आहे.

आणि कागद आले की पाकीट फेकू नका. त्यावर तारीख, वेळ, कुणी दिला, कुठे दिला ते लिहून ठेवा आणि त्याच दिवशी वकिलाला फोन करा.