बुलडाणा जिल्ह्यातील व्यक्तिनामे : श्रद्धा, भीती आणि प्रतिष्ठा

व्यक्तिनाम हे केवळ ओळखीचे साधन नसून ते ठेवणाऱ्या समाजाच्या मनोवृत्तीचे द्योतकही असते. प्रस्तुत लेखात बुलडाणा जिल्ह्यातील नामकरणाचा या दृष्टीने विचार केला आहे.

'गजानन' हे मुळात गणपतीचे नाव. या जिल्ह्यात मात्र ते प्रामुख्याने शेगावच्या गजानन महाराजांच्या (प्रकटदिन २३ फेब्रुवारी १८७८, समाधी ८ सप्टेंबर १९१०) स्मरणार्थ ठेवले जाते. दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथात नामकरणाचाही एक प्रसंग आहे. खंडू पाटलांनी पुत्रासाठी याचना केली, तेव्हा महाराजांनी मुलाचे नाव 'भिक्या' ठेवण्यास सांगितले. पारायणात हा प्रसंग चमत्कार म्हणून ऐकला जातो; अभ्यासकाला त्यात एक जुनी रूढी दिसते. दगडू, धोंडू, कचरू, उकर्डा ही नावे त्याच परंपरेतील होत. मूल जगावे, त्यावर दृष्ट पडू नये, म्हणून नाव मुद्दाम हलके ठेवावयाचे.

देवाचे नाव थेट माणसास द्यावे की नाही, याविषयी मात्र समाजासमाजांत भेद आहे. आयर्लंडमध्ये 'मुइरे' हे रूप येशूच्या मातेसाठी राखून मुलींना 'मॉइरे' हे नाव देण्यात आले. आपल्याकडे असा संकोच नाही. उलट अजामिळाच्या कथेप्रमाणे, मुलाला हाक मारताना देवाचे नाव मुखी यावे हीच अपेक्षा असते.

तथापि नाव देवाचे असले तरी प्रतिष्ठा प्रत्ययावर ठरे. एक 'रामराव', दुसरा 'रामजी', तिसरा आयुष्यभर 'राम्या'. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर गौतम, सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता ही नावे विदर्भात रुजली. त्यांमागे धर्मनिष्ठेबरोबरच या उतरंडीचा नकारही होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

स्त्रीनामांचा प्रश्न निराळा आहे. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा याच जिल्ह्यात. परंतु पूर्ण नावात आईला स्थान नव्हते. मार्च २०२४ मधील शासन निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव व आडनाव येते. आपल्या हजेरीपटावरील विद्यार्थी त्यापूर्वीचे आहेत. त्यांतील विवाहित विद्यार्थिनींच्या दाखल्यावर वडिलांचे व आधारपत्रावर पतीचे नाव असते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज कित्येकदा तेथेच अडतो.